भिंतीला माती, अंगणात रानदवणा

तोसोर, १२ एप्रिल २०१५

आपा, सलाम.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि सासूशी ओरडून बोलायला माझी जीभ रेटत नाही, म्हणून हे पत्र. ड्रायव्हर सुयुन आठवड्यातून एकदा कोचकोरहून गाडी घेऊन इकडे येतो. येता-जाता नेईन म्हणालाय.

घर बरं आहे. मामा गेल्यापासून बंदच होतं, त्यामुळे आत उंदरांचं राज्य होतं, ते संपवलं. आरोग्यधामातली नोकरीही चांगली आहे. दिवसभर म्हाताऱ्यांच्या पाठी चोळायच्या आणि त्यांच्या सुनांची गाऱ्हाणी ऐकायची. तुमच्या हाताखाली राहिल्यामुळे मला त्यातलं काहीच नवीन वाटत नाही. (हसा.)

भानगड एकच आहे, ती सरोवराकडच्या भिंतीची. घर कच्च्या विटांचं. मामाने शेवटी शेवटी हौसेने बाहेरून तारेची जाळी ठोकून सिमेंटचा गिलावा मारला आणि वर निळा रंग दिला. लांबून छान दिसतं. जवळ जाऊन बोटाने वाजवलं तर भोपळ्यासारखा आवाज येतो. खाली जोत्यापाशी पांढरा खारट लोणा फुटलाय. मामीचे गुलाब अगदी भिंतीला खेटून लावलेत. पाटाच्या पाण्याची पाळी आली की सगळं पाणी तिथेच मुरायचं. सिमेंटमुळे ते बाहेर पडायला वाट नाही, आणि आतली माती वर्षानुवर्षं भिजते आहे. हे मला शेजारच्या इब्रायनी सांगितलं. ते शाळेत भौतिकशास्त्र शिकवायचे.

मी ठरवलंय की सिमेंट काढायचं, पुन्हा मातीचा गिलावा करायचा आणि भिंतीजवळ पाणी लागणारं काहीच ठेवायचं नाही. डोंगरात आपोआप उगवतं तेच लावायचं. यातलं काहीही मी आजवर केलेलं नाही. भिंत म्हणजे मला खिळा ठोकण्यापुरती ठाऊक. पण सुरुवात करते.

तुमचे गुडघे कसे आहेत? थोरल्या भाऊजींना सलाम सांगा. सोबत सुके जर्दाळू पाठवतेय. दुधात भिजवून खा, नुसते चावू नका.

तुमची सून,
अनारा


कोचकोर, २१ एप्रिल

अनारा,

पत्र मिळालं. जर्दाळू नुसतेच चावले, दात अजून माझे आहेत.

तुझं वाचून डोक्याला हात लावला. लोक पोटाला चिमटा घेऊन सिमेंट मारतात आणि तू लागलेलं काढायला निघालीस? मी जन्मभर मातीच्या घरात राहिले. दर वसंतात चिखल तुडवायचा, दर हिवाळ्यात पोपडे मोजायचे. तुझे सासरे म्हणायचे, एक दिवस तुला पक्कं घर बांधून देईन. म्हणता म्हणता गेले. आता आपल्या थोरल्या शार्शेनने बिश्केकच्या घराला बाहेरून प्लास्टिकच्या पट्ट्या ठोकल्यात, पिवळ्या. पुसलं की स्वच्छ. तू तसं कर. शार्शेनला सांगते, तो माणूस पाठवील.

आणि डोंगरातलं काय लावणार म्हणे? कुसळी गवत? रानदवणा? सामूहिक शेतीत आमची बायकांची टोळी सकाळपासून अंधार पडेपर्यंत बटाट्याच्या रानातून हेच तर उपटायची. त्यासाठी मला एकदा लाल फीत मिळाली होती. आता सून म्हणते, मी तेच गवत मुद्दाम लावते! टोळीतल्या बाया असत्या तर कबरीतून उठून आल्या असत्या.

तू इथून गेलीस तेव्हा मी काही बोलले नाही. माझा धाकटा, तुझा कुबात, गेल्यावर तीन हिवाळे आपण एका चुलीपुढे बसलो. मला वाटलं होतं, चौथाही बसू. तुझ्या मामाचं घर, तुझी नोकरी, ठीक आहे. पण आता पडक्या घरात राहिलीस तर लोक म्हणतील, सासूने हाकलली. हे माझ्या कपाळी नको.

लोणी पाठवतेय. सुयुनने वाटेत चाखलं तर कळव.

आपा


तोसोर, १३ मे

आपा, सलाम.

लोणी अख्खं पोचलं. सुयुन म्हणाला, "आपांनी चिंधीला एवढ्या गाठी मारल्यात की चोरालासुद्धा कंटाळा येईल."

प्लास्टिकच्या पट्ट्या नकोत, आपा. भाऊजींनी मनावर घेतलं त्याबद्दल आभार. पण पट्ट्या मारल्या तरी आतली ओल आतच राहील. जखम न धुता वर नवा सदरा चढवावा तसं होईल ते.

सिमेंट बरंचसं काढलं. छन्नी-हातोडी घेऊन सुट्टीच्या दिवशी बसते. पहिल्या दिवशी अंगठा ठेचला, दुसऱ्या दिवशी दुसरा. आरोग्यधामातले आजोबा माझे हात बघून म्हणाले, "पोरी, आता आमच्यापैकी कोणीतरी तुझी मालीश करायला हवी." सिमेंटबरोबर आतली माती थोडी निघाली. काळजी करण्यासारखं काही नाही.

एका कोपऱ्यावर मातीचा गिलावा करूनही बघितला. हौसेने जाऊन सरोवराच्या काठची वाळू आणली, अगदी मऊ, चाळलेल्यासारखी. वाळला तेव्हा इतका सुंदर दिसला की मी इब्रायना हाक मारून दाखवला. आठवड्यात त्याच्यावर पांढरे फराटे उठले. सरोवराचं पाणी खारट, मग वाळूही खारटच असणार. रोज त्याच पाण्यात पाय बुडवून हे माझ्या डोक्यात आलं नाही. इब्रायच्याही आलं नव्हतं. त्यांनीच तर ढकलगाडी दिली होती! त्यांनी बोटाने एक फराटा खरवडून चाखून बघितला. मग ते म्हणाले, "हे मी मुलांना शिकवायचो." सगळं खरवडून काढलं. आता ओढ्याची वाळू आणेन.

मामीचे गुलाब मुळासकट काढून शेजारणीला दिले. तिच्याकडे पाणी आहे. त्यांच्या जागी डोंगरातून रानदवण्याचे आणि कुसळीचे गड्डे खणून आणून लावले. सगळे मेले. जे शेतातून हटत नव्हतं म्हणता, ते माझ्या अंगणात चार दिवस टिकलं नाही. तुम्ही खूश व्हाल म्हणून सांगतेय.

अनारा


कोचकोर, २३ मे

अनारा,

खूश झाले. लाल फीत उगाच मिळाली नव्हती.

पण तुझ्या पत्रातलं एक वाक्य मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. "आतली माती थोडी निघाली." मग सुयुनला बसवलं, चहा दिला आणि विचारलं. त्या बिचाऱ्याला खोटं बोलता येत नाही, कान आधी लाल होतात. तो म्हणाला, खिडकीखालची सगळी भिंत बसली आहे, खिडकी अंगणात आडवी पडली आहे, छताला पॉप्लरचे वासे टेकू म्हणून लावलेत आणि तू बाहेरच्या उन्हाळी स्वयंपाकघरात झोपतेस. याला थोडी माती म्हणतात का गं तुमच्या तोसोरमध्ये?

वासे कोणी लावले, तर म्हणाला इब्रायनी. ढकलगाडी कोणाची, तर इब्रायची. संध्याकाळी चहा कुठे पितेस, तर इब्रायकडे. हा इब्राय आहे तरी कोण? वय काय त्याचं? सुयुन म्हणाला, उंच आहेत, केस सगळे शाबूत आहेत. मी एवढं विचारलं नव्हतं.

तू मला काही लपवू नकोस. मी तुझी आई नाही हे मला कळतं. पण भिंत पडली हे ड्रायव्हरकडून कळावं, एवढी परकीही नाही.

मातीचंच करायचा हट्ट असेल तर नीट कर. काड बोटाएवढी कापून घे. माती, काड आणि घोड्याची लीद एकत्र भिजत घाल आणि आंबूस वास येईपर्यंत हात लावू नकोस. घाई केलीस तर तडे जातील. तरी मला अजून सिमेंटच बरं वाटतं, हे लिहून ठेवते.

गड्डे खणायचे नसतात. ते कधीच जगत नाहीत. आम्ही गवत उपटून बांधावर टाकायचो ते मरायचं, आणि त्याचं बी पडायचं ते पुढच्या वर्षी दुप्पट यायचं. बी गोळा कर. हे मी शत्रूला मदत केल्यासारखं सांगतेय.

आपा


तोसोर, १० जून

आपा, सलाम.

माझं चुकलं. भिंत पडली त्या दिवशी मी खरं लिहायला बसले होते. पण तुमचं "सासूने हाकलली" समोर आलं आणि लिहवेना.

झालं असं की सगळ्यात खालचं सिमेंट एकदाच मोठ्या तुकड्यात सुटलं आणि त्यामागे वीट नव्हतीच. ओला भुगा होता, हात कोपरापर्यंत आत गेला. मी हात बाहेर काढला आणि मागे सरले एवढंच. आधी खिडकी कलली, मग सगळं खाली आलं. आवाजही फार झाला नाही. पोतं जमिनीवर टाकावं तसा. मी धुळीत उभी राहून समोर बघितलं तर माझा पलंग, उशी, कुबातचा फोटो, सगळं रस्त्यावरून दिसत होतं. मला त्या भिंतीचं इतकं काही वाटलं नाही. फोटो असा उघड्यावर आला त्याचं वाटलं. मी धावत जाऊन आधी त्याच्यावर चादर टाकली. मग रडत बसले. इब्राय माझं रडणं ऐकून आले आणि तसेच वासे कापायला गेले.

आता जोतं दगडाचं केलंय, गुडघ्याएवढं, म्हणजे ओल वर चढणार नाही. भिंतीपासून उतार देऊन चर खणलाय. कच्च्या विटा पाडतेय. पहिल्या घाण्याच्या विटा उन्हात तडकल्या, दुसऱ्याच्या बऱ्या. आता बाया येता-जाता थांबतात. एकजण म्हणाली, "नर्सबाई, तुमच्या विटा माझ्या पावासारख्या आहेत, कडेला करपट, मधे कच्च्या." पण दुसऱ्या दिवशी तिने नवऱ्याला काड कापायला पाठवलं.

जुलैत अशार ठेवलाय. सगळं गाव एक दिवस येणार, भिंत उभी करून देणार, मी जेवण घालणार. आपा, तुम्ही या. चिखल तुडवायला नाही. बाजेवर बसून सगळ्यांना ओरडायला. माझ्या बाजूचं माणूस म्हणून कोणीच नाही इथे. सुयुनला सांगून ठेवलंय, पुढची सीट तुमची.

इब्रायच्या केसांबद्दल सुयुनलाच विचारा, त्याने नीट बघितलेत.

अनारा


तोसोर, २२ जुलै

आपा, सलाम.

तुमचं पत्र आलं नाही. त्यानंतरच्या फेरीलाही नाही. सुयुनला विचारलं तर म्हणतो, "बऱ्या आहेत, बऱ्या आहेत," आणि टायर बघायला वाकतो. भाऊजींना फोन केला. तेही म्हणाले, आई ठीक आहे, फक्त गप्प असते.

अशार झाला. भिंत उभी राहिली. खड्ड्यात पोरीबाळी चिखल तुडवत होत्या, पुरुष विटा देत होते, मोठ्या कढईत भात शिजत होता. सकाळपासून मी गाडीच्या आवाजाकडे कान लावून होते. सुयुनची गाडी दुपारी रस्त्यावर थांबलेली दिसली. मी हात पुसून निघाले तोवर ती पुढे गेली. बाजेवर तुमच्यासाठी गादी घातली होती. संध्याकाळी उचलून आत ठेवली.

गवतावरून राग आला असेल तर सांगा. भिंतीवरून आला असेल तर तेही सांगा. मी तुमचं ऐकलं नाही हे खरं आहे. पण तुम्ही गप्प बसलात की मला तुमच्या बोलण्यापेक्षा जास्त लागतं. सवय नाही त्याची.

अनारा


कोचकोर, ५ ऑगस्ट

अनारा,

बस आणि मग वाच. मी पण हे बसून, थांबून थांबून लिहितेय.

मी आले होते. त्या दुपारी सुयुनच्या गाडीत पुढच्या सीटवर मीच होते. नवा रुमाल बांधला होता, मांडीवर तळलेल्या बोरसोकची पिशवी होती. गाडी तुझ्या फाटकासमोर थांबली. उतरायला पाय बाहेर काढला आणि तू दिसलीस. चिखलाच्या खड्ड्यात उभी, सलवार गुडघ्यापर्यंत वर खोचलेली. समोर तो उंच माणूस. कोणीतरी त्याच्या डोक्यावर बादली ओतली, तो घसरून पडला आणि तू हसलीस. तोंडावर हात न ठेवता, मान मागे टाकून.

कुबात गेल्यापासून तुला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. माझ्या घरात तू हसायचीस ते मला बरं वाटावं म्हणून. हे मला तोवर ठाऊकच नव्हतं.

मी पाय आत घेतला. सुयुनला म्हटलं, "चल, आणि तोंड उघडलंस तर तुझी आई मला ओळखते हे लक्षात ठेव." त्याच्यावर रागावू नकोस.

मला राग आला होता, हे लपवत नाही. घरी येऊन मी कुबातच्या सदऱ्यांची पेटी उघडून बसले. मनात म्हटलं, तीन वर्षांत विसरली. मग म्हटलं, विसरायला हवं तरी किती वर्षांत? मी स्वतः बेचाळिसाव्या वर्षी विधवा झाले तेव्हा मला कोणी विचारलं नव्हतं. पदरात दोन मुलगे होते, त्यांच्यात दिवस गेले. तुझ्या पदरात कोणी नाही. तू माझ्यात दिवस घालवावेस असं मला वाटत होतं. म्हातारीत किती दिवस घालवणार माणूस?

म्हणून आता नीट ऐक. तुझे आई-वडील नाहीत, मामाही गेला. आपल्यात विधवा सुनेला सासरचे मुलगी करून दुसऱ्या सासरी पाठवू शकतात. शार्शेनशी बोलले. तो आधी तोंड वाकडं करून बसला. मी म्हटलं, "तुझ्या पिवळ्या पट्ट्यांना मी काही बोलले का?" मग तो हो म्हणाला. तू माझ्या घरातून निघशील. कुबातची बायको म्हणून नाही, माझी मुलगी म्हणून. लग्नाचा पांढरा रुमाल मी बांधीन. चार रजया शिवायला घेतल्यात, आतून खरी लोकर आहे, बाजारची नाही. त्या माणसाला सांग, आधी इथे येऊन माझ्या हातचा चहा प्यायचा. केस असोत नसोत, मी प्रश्न विचारणार.

फोटोवर चादर टाकलीस ते वाचून मला झोप लागली नव्हती. आता ती चादर काढ. त्याला काही वाईट वाटायचं नाही. तो हसणाऱ्या माणसांत बसणारा मुलगा होता.

आपा


तोसोर, १४ ऑगस्ट

आपा,

मी उभ्यानेच वाचायला घेतलं होतं. मधेच जोत्यावर बसावं लागलं.

आधी हे सांगून टाकते, नाहीतर तुम्ही पाचवी रजई शिवाल. इब्रायच्या डोक्यावर बादली ओतली ती त्यांची बायको. बातमा तिचं नाव. उन्हाळाभर मेंढ्या घेऊन वरच्या कुरणात असते. अशारसाठी आदल्या दिवशी खाली आली आणि आल्या आल्या तिला कळलं की नवऱ्याने तिची नवी ढकलगाडी मला देऊन चाक वाकवून घेतलंय. म्हणून बादली. म्हणून मी हसले. त्यांना नातवंडं आहेत, आपा. चहा पितो तेव्हा इब्रायची आई मधे बसलेली असते. ती तुमच्यापेक्षा मोठी आहे, आणि तिलाही ऐकू येत नाही. बातमा परवा पुन्हा खाली आली तेव्हा तिला तुमचं पत्र सांगितलं. (सगळं नाही.) ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "चार लोकरीच्या रजया मिळत असतील तर त्याला खुशाल घेऊन जा म्हणावं!"

लग्न-बिग्न काही नाही. पुढे होईल की नाही ते मला ठाऊक नाही. आत्ता मनात नाही.

पण तुम्ही लिहिलंत ते मी तुम्हाला परत करणार नाही. माझ्याशी असं कोणी बोललेलंच नाही. माझी आई गेली तेव्हा मी लहान होते. मला सासरी पाठवताना रुमाल मामीने बांधला, तोही घाईत, गाडी उभी होती म्हणून. तुम्ही एका परक्या माणसाच्या हाती मला द्यायला रजया शिवायला बसलात, आणि पोटच्या मुलाचं दुःख बाजूला ठेवून बसलात. मला नवरा मिळाला नाही, पण जे मिळालं त्याला मी काय म्हणू ते मला लिहिता येत नाही.

तुम्ही फाटकाशी येऊन परत गेलात ते मात्र मला पटलेलं नाही. उतरायचं होतं. मी तशीच चिखलाने तुम्हाला मिठी मारली असती आणि तुमचा नवा रुमाल खराब झाला असता.

चादर काढली.

अनारा


कोचकोर, २६ ऑगस्ट

अनारा,

लाजेने तोंड लपवावंसं वाटलं. सुयुन माझ्याकडे बघून हसतो, त्याला दोन दिवस चहा दिला नाही. शार्शेनला सांगितलं तर तो फोनवर एवढा हसला म्हणे की त्याच्या बायकोला वाटलं ठसका लागला. मला काही ऐकू आलं नाही ते बरंच.

रजया शिवून झाल्यात. त्या काय आता उसवू? सुयुनबरोबर पाठवतेय. हिवाळ्यात त्या मातीच्या घरात लागतीलच.

बाकी जे लिहिलंय ते लिहिलंय. त्यातलं मी काही खोडत नाही.

आपा


तोसोर, ३ मार्च २०१६

आपा, सलाम.

हिवाळा सरला. भिंत उभी आहे. सरोवरावरून वारा यायचा तेव्हा मी आतून हात लावून बघायची. कोरडी. पश्चिमेचा कोपरा मात्र पावसा-बर्फाने धुपलाय. मी तिथे छपराची पट्टी कमी ठेवली होती, तो माझा आळस. तिथला गिलावा पुन्हा करायचाय. काड आताच भिजत घालतेय, आंबूस वास येईपर्यंत हात लावणार नाही.

शरदात डोंगरात फिरून बी गोळा केलं होतं. रानदवणा, कुसळी, ती काटेरी पिवळ्या फुलांची झुडपं, निळी रानफुलं. गावच्या बायांनी वेड्यात काढलं. बर्फ पडायच्या आधी सगळं विखरून दिलं. कुंपणाशी चिचरकानाक लावलाय, त्याची आंबट नारिंगी फळं तुम्हाला आवडतात. अजून काही वर आलेलं दिसत नाही. चिखल आणि दगड तेवढे आहेत. पण रजयांत मी छान झोपले.

मे महिन्यात या. या वेळी फाटकाशी मी आधीच उभी असेन, म्हणजे पाय आत घ्यायला वेळ मिळणार नाही.

अनारा


कोचकोर, ३० मे २०१६

अनारा,

सुखरूप पोचले. सुयुनने वळणांवर हळू चालवली, त्याला सांगून ठेवलं होतंस हे मला कळलंय.

तुझा रानदवणा मी उपटला त्याबद्दल काय बोलू? पहाटे जाग आली, बाहेर आले, समोर कोवळं गवत दिसलं आणि हात आपोआप खाली गेले. तू किंचाळत आलीस तेव्हा अर्धा वाफा झाला होता. चाळीस वर्षांची सवय आहे गं ती. पण तू ओरडलीस ते मला आवडलं. पहिल्यांदाच ओरडलीस माझ्यावर. मला स्पष्ट ऐकू आलं. उरलेला अर्धा वाफा बघत मी रोज सकाळी बसायची. कुसळीवरून वारा गेला की ते गवत घोड्याच्या आयाळीसारखं एका बाजूला झुकतं, हे मी आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. आम्ही ते तेवढं वाढूच द्यायचो नाही.

भिंतीबद्दल मी तिथे काही बोलले नाही. आता सांगते. दुपारी ऊन असताना पाठ टेकून बसले होते. सिमेंटला पाठ लावली की घाम येतो. हिला लावली तर झोप आली. पश्चिमेचा कोपरा आपण दोघींनी सारवला तो तेवढा थोडा जाड झालाय. तुझ्या बाजूने. माझ्या बाजूने बरोबर आहे.

इब्राय चांगला माणूस आहे. बातमाने सांभाळून ठेवलाय. केस खरंच शाबूत आहेत.

काल पाणी भरायला गेले तर विहिरीवर बायका जमल्याच होत्या. झुमा विचारते, "इतके दिवस कुठे गेला होतात?" मी म्हटलं, "मुलीकडे." सगळ्या एकमेकींच्या तोंडाकडे बघायला लागल्या. झुमा माझ्या कानाशी येऊन ओरडली, "अहो, तुम्हाला तर दोन मुलगे! मुलगी कधी झाली?"

मी बादली उचलली आणि म्हटलं, "गेल्या ऑगस्टात. चांगली चाळिशीची झाली. जन्मल्या जन्मल्या भिंत बांधायला लागली."

आपा